वाढत्या अंगाची सॅक

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा जमेल तितकं वाकून नमस्कार. (किती जमतं, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत उत्तम, फक्त खांदे माझे राहिलेले नाहीत.

त्याचं असं झालं. गच्चीवरून दिसायचा तो डोंगर (पाण्याच्या टाकीवर बसून आपण हवेत बोटाने त्याची वाट काढायचो) यंदा चढायचाच, असं मी ठरवलं. त्यासाठी मोठी सॅक हवी. दुकानात गेलो आणि आईची सवय अंगात आली. आठवतं ना, आपल्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचे? तुझे फ्रॉक, माझे बूट, आणि तो दोघांचा मिळून एक स्वेटर, जो शाळा संपली तरी दोघांनाही मोठाच होत होता. तर मी पंचावन्नाव्या वर्षी वाढत्या अंगाची सॅक घेतली. दुकानातली सगळ्यात मोठी, परत न घेण्याच्या बोलीवर.

घरी उशा-चादरी कोंबून ती पाठीवर चढवली. कमरेचा पट्टा मांड्यांवर आला आणि वरचं टोक डोक्याच्याही वर गेलं. बायको मागून म्हणाली, "सॅक निघाली वाटतं. तुम्ही घरीच आहात का?" सरावासाठी जिना उतरून पुन्हा चढलो, तर घराच्या दारातच अडकलो. शेजारच्या वकिलांनी ढकलून आत घातलं.

मग पुन्हा दुकान. तिथल्या बाईंनी मला पाठमोरं उभं केलं, मान खाली घालायला लावली आणि मानेच्या टपोऱ्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत टेप धरली. म्हणाल्या, "काका, तुमची उंची सगळी पायांत आहे. पाठ आखूड आहे." (इतकी वर्षं मी स्वतःला भरदार पाठीचा समजत होतो.) त्यांनी एक मध्यम सॅक काढली, वाळूच्या पिशव्या भरल्या, पट्टे आवळले. आणि ताई, काय सांगू, सगळं ओझं खांद्यांवरून उतरून कमरेवर बसलं, झोपाळू मूल कडेवर बसतं तसं. मी तरंगत दुकानभर हिंडलो. मांडून ठेवलेल्या तंबूत जरा टेकलो. बाहेर धुकं होतं, गवत ओलं होतं. तू पुढे चालत होतीस आणि मागे वळून म्हणत होतीस, "चल रे, रेंगाळू नकोस." जाग आली तेव्हा बाई शटर अर्धं ओढून उभ्या होत्या.

बाकी सगळं ठीक. लोभ आहेच, तोही आता कमरेवर नीट बसला आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. मोठी सॅक वाया गेली नाही. बायकोने तिच्यात रजया भरल्या, अजून जागा आहे.

आणखी ता. क. त्या मध्यम सॅकची जोडीदारीण बाईंनी माझ्या सांगण्यावरून बाजूला ठेवली आहे. भाऊजी गेल्यापासून तू फाटकाबाहेर पडत नाहीस, ते मला बघवत नाही. आणि त्या डोंगरावर मला एकट्याला जायचं नाही. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, थांबत थांबत जाऊ. 'बघू' असंही कळवू नकोस. स्वतःची पाठ स्वतःला मोजता येत नाही, मी करून पाहिलं (टेप पंख्यात गेली). दुसरं माणूस लागतं. रविवारी येतोय. केस वर बांधून ठेव.