बाळ पिवळं की पडदा?

मंगळवार, दिवेलागण. नेरुळ

लेकीचं, मृणालचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते बंगळूरला झालं. काल पाचवी पूजली. मी सगळं नव्या टॅबवरून बघते आहे, आणि नातू पिवळा दिसतो आहे.

टॅब आला त्या दिवसापासून मीच सगळ्यांचं डोकं खाल्लं, की ह्याचा पडदा पिवळट आहे, पांढरा कागदही जुनाट दिसतो. आता माझं कोण ऐकणार? हे म्हणाले, "परवा ह्यातल्या फोटोत तुला मीही पिवळा दिसलो होतो. मला कुठे कावीळ झाली?" मृणालही हसली. "आई, टॅब बदलून घे."

पण तळवे?

दुपारी फोन केला तेव्हा ती त्याला लंगोट बांधत होती. तिचा हात त्याच्या पायाशी आला. दोष पडद्याचा असेल तर दोन्ही सारखेच पिवळे दिसायला हवेत. तिचा हात नेहमीसारखा, आणि त्याचे तळवे हळद लावल्यासारखे. मी त्या तळव्यांकडेच बघत राहिले. बाळंतिणीला उगाच घाबरवते आहे का मी? पण गप्प तरी कशी बसू?

"मृणाल, माझ्या टॅबचं सोड. त्याला खिडकीशी ने आणि तूच बघ."

ती त्याला खिडकीशी घेऊन गेली. मग हळूच म्हणाली, "सकाळपासून मलाही वाटतंय, आई. तुझा टॅब खराब आहे म्हटलं की जरा बरं वाटायचं."

ती आणि जावई त्याला घेऊन डॉक्टरकडे गेलेत. अजून फोन नाही. माझंच खरं निघायची मला सवय आहे. आज खोटं निघू दे.