संत्र्याचा वास

प्रिय प्रोफेसरसाहेब,

चिडू नकोस, तू प्रोफेसर नव्हतास तेव्हापासून मी तुला याच नावाने हाक मारते. इतक्या वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही कॉलेजच्या पत्त्यावर. म्हणजे मी इथे शिकवते हे तुला कुणाकडून तरी कळलं. माझी आई गेल्याचं कळलं नसावं.

तुझ्या रेणूंच्या दोऱ्या आता अर्ध्या डाव्या, अर्ध्या उजव्या वळतात म्हणतोस. नवी इमारत, नवी यंत्रं, रेणू तेच, तरी तो एकजात डावा पीळ येत नाही. अरे, मुळात असंच व्हायला हवं होतं. आपल्या त्या सपाट रेणूंना डावं-उजवं नव्हतंच. द्रावण थंड झालं की ते एकमेकांवर चढून आपोआप दोरी वळायचे. धरून ठेवणारे बंध इतके हलके, की जरा ऊब दिली की सगळं सुटायचं. दोरी डावीकडेच का वळते हे तुला माहीत नव्हतं. तू तो रेणूंचाच गुण म्हणून छापलास. एकाच टेबलावर आपण दोघांनी काम केलं होतं, पण छापताना माझं नाव गाळलंस. वर म्हणालास, आपल्यात तसं घट्ट काही नव्हतंच. लग्नाबद्दल बोलत होतास की पेपरबद्दल, हे मी विचारलं नाही.

तू जन्मात एक बाटली धुतली नाहीस. मला भांडीवाली म्हणायचास आणि मी हसायचे, मूर्ख कुठली. बेसिनवर संत्र्याच्या सालीच्या तेलाचं क्लीनर असायचं, त्या वासाने तुला शिंका यायच्या. त्या तेलाचा रेणू एकाच हाताचा असतो, जसा हातमोजा डावा नाहीतर उजवा असतो तसा. कितीही विसळलं तरी काचेला थोडं राहायचं, आणि दोरी वळू लागली की तिला नुसतं रेलायचं. पक्कं नातं वगैरे काही नाही. तेवढ्यावर सगळी दोरी डावी झाली. तुझ्या नव्या इमारतीत भांडी मशीनमध्ये धुतात, इतकंच.

हे मी आमच्या साध्या प्रयोगशाळेत करून पाहिलं. ते तेल असलं की पीळ डावा, उलट हाताचं असलं की उजवा, नसलं की नुसता गोंधळ. पेपर पुढच्या महिन्यात येतोय, एकट्या माझ्या नावावर. तुझं कुठे चुकलं ते पहिल्याच पानावर आहे. तुझ्या पत्रात बाटल्यांबद्दल पानभर प्रश्न आहेत, माझ्याबद्दल एकही नाही. तरी लोकांकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. तेवढं तरी आपल्यात होतं असं मी अजून धरून बसले आहे, आणि मला राग येतो तो याचाच.

तुझीच (हात आपोआप लिहून गेला),
भांडीवाली