पुढचं डावं चाक

९ ऑक्टोबर १९७८, सोमवार. दापोडी.
आजपासून शिस्त. लेथवर मन रमलं नाही, बेकरीत तर मुळीच नाही. मोटार हीच आपली लाइन. म्हणून तर नीलाताईकडे येऊन राहिलोय. तिचे यजमान चिमाजीराव, म्हणजे आमचे दाजी, यांची अॅम्बॅसेडर टॅक्सी आहे. एका कंपनीच्या साहेबांना रोज सकाळी पुणे स्टेशनहून पिंपरीला आणायचं काम त्यांना मिळतंय. सध्या ट्रायल, पुढच्या सोमवारी पक्कं होणार. पक्कं झालं की तुला दुसरा ड्रायव्हर करतो म्हणाले, तोवर गाडी सांभाळ.

उद्या खंडेनवमी. पूजेसाठी चारही रिमा रुपेरी करायचं ठरवलं. पुढचं डावं चाक काढलं, रंगवलं, परत लावलं. रंग ओला, म्हणून नट नुसते बोटांनी फिरवले. पान्याने नंतर आवळीन. वर कॅप बसवली. झकास दिसते. बाकीची तीन चाकं राहिली. नाक्यावर डोंबारी आला होता, तो बघायला गेलो.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी.
सकाळी पाना शोधला. दाजींच्या आईने, गिरजाबाईंनी, सगळी अवजारं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. म्हणाल्या, आज हत्याराला हात लावायचा न्हाई, त्येंचा बी एक इसाव्याचा दिस हाय. पटलं. मग मीही विसावलो. गिरजाबाईंनी रंगवलेल्या चाकाच्या कॅपवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

दाजींनी विचारलं, नट आवळलेस ना रे? हो म्हणालो. आवळायचं पक्कं ठरवलेलं आहे, म्हणजे आवळल्यातच जमा.

११ ऑक्टोबर, दसरा.
गाडीतून सोनं वाटायला निघालो. सरळ रस्त्याला ठीक. वळलो की फट्, फट्. कढईत लाह्या फुटाव्यात तसं. दाजींचा चेहरा पडला. म्हणाले, हे कुठून आलं आता? मी म्हणालो, दाजी, निर्धास्त राहा, हा आवाज माझ्याकडे सोपवा. ते म्हणाले, तुझाच दिसतोय.
विश्वास टाकणारा माणूस.

१२ ऑक्टोबर.
निदान झालं. स्प्रिंगच्या पाट्या कोरड्या पडल्यात. डबाभर ऑइल ओतलं. आवाज तसाच. फक्त आता अंगणात पाय घसरतो. गिरजाबाई घसरता घसरता वाचल्या. माझ्या नावाने बरंच बोलल्या. मला काही वाटलं नाही. हल्ली वाटत नाही.

१३ ऑक्टोबर.
नवीन निदान. स्टेअरिंगच्या सांध्यांना ग्रीस हवं. चिखलीला दत्तोबाच्या वर्कशॉपमध्ये ग्रीसगन मिळते, म्हणून निघालो. वाटेत बैलांना नाल मारत होते. बैल किती मुकाट पडून राहतो! ते बघता बघता वर्कशॉप बंद झालं.
नीलाताई म्हणाली, खंडू, आवाज त्या रंगवलेल्या चाकातूनच येतोय की रे. मी समजावलं, ताई, अख्ख्या गाडीत माझ्या हाताखालून गेलेलं तेवढं एकच चाक आहे. त्याची तरी काळजी नको. ती म्हणाली, म्हणूनच काळजी वाटते.

१४ ऑक्टोबर, शनिवार.
आज साहेबांनीच दाजींना विचारलं, चिमाजी, काय फुटतंय? सोमवारी फुटलं तर मला दुसरी गाडी बघावी लागेल. दुसरी गाडी म्हणजे स्टेशनवरच्या सोनबाची टॅक्सी. स्टेशनवर सोनबा मुद्दाम जवळ येऊन म्हणाला म्हणे, राव, तुमच्या गाडीत चिवडा कोण करतं?
दाजी जेवले नाहीत.
मी खूप विचार केला. आवाज फक्त वळताना येतो. म्हणजे दोष गाडीत नाही, वळणात आहे. स्टेशन ते पिंपरी वळणं टाळता येतील तेवढी टाळून रस्ता आखला. शेवटी एकच वळण उरतं, कंपनीच्या गेटाचं. तेवढं हळू घ्या म्हणालो. दाजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. प्रभावित झाले असावेत.

१५ ऑक्टोबर, रविवार.
तरीही खात्री म्हणून आज सगळी गाडी खोलणार होतो. सुरुवात कॅपपासूनच. पण स्वस्तिक अजून तसंच आहे, पुसलं जाईल. गिरजाबाई म्हणाल्या, कुंकू आपसूक जाऊ दे. पानासुद्धा अजून देवापाशीच, झेंडूखाली. धर्माच्या आड कशाला या? जरा आडवा झालो. उद्या पाचला उठून सगळं उरकायचं. शपथ.

१६ ऑक्टोबर, सोमवार.
उठलो तेव्हा नऊ वाजून गेले होते.
दुपारी दाजी बसने आले. स्टेशनपासून गेटापर्यंत एकदाही फुटलं नाही. साहेब म्हणालेसुद्धा, आज बरी आहे गाडी. गेटावर वळले, आणि पुढचं डावं चाक निघालं. गाडी बसली. कोणाला लागलं नाही. चाक एकटंच गेटातून आत गेलं, वॉचमनने पासही विचारला नाही. शिफ्ट सुटत होती. कोणीतरी ओरडलं, भावा, चाक भरती झालं!
भरतीला जाऊन मी त्या गेटावरून किती वेळा परत आलोय.
साहेब उरलेलं अंतर चालत गेले. उद्यापासून सोनबाची गाडी.
दाजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ताई म्हणाली. त्यांनी सुकलेली फुलं बाजूला करून पाना उचलला. तो अजून पिवळाच होता. गिरजाबाईंना म्हणाले, आई, पुढच्या वर्षी पाटावर खंडूलाच बसव. हात लावायचा नाही, एवढंच ना? मग गाडी आणायला परत गेले.
मी येतो म्हणालो. नको म्हणाले.
ताईने ताट वाढलं. जेवलो. काही वाटलं नाही.
संध्याकाळी राहिलेल्या तीन रिमा आठवल्या. डबा उघडला. रंग वाळून दगड झालाय. डब्यात ब्रशही तसाच उभा आहे.