फोटोत चेहरा नको

निर्मळ, ता. वसई
१२ सप्टेंबर २०२५

चि. सुरुचीस शकूआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझी खुशाली तू फोनवर सांगतेसच, पण बत्तीस वर्षं शाळेत पोरांच्या सबबी ऐकल्यामुळे मी त्यातली निम्मीच खरी धरते. म्हणून हे पत्र. पत्रात खोटं लिहायला माणसाला जरा जास्त वेळ लागतो.

तू दक्षिण आफ्रिकेला गेलीस तेव्हा मी काही बोलले नाही. विद्यापीठ आहे, मानवाधिकार कसे शिकवावेत ते शिकवणारं केंद्र आहे, वर्षभराचा अभ्यास आहे. वसई कोर्टाबाहेर काळा कोट घालून अशिलांची वाट बघण्यापेक्षा बरं, असं मीच नथूला, तुझ्या बापाला, समजावलं. पण आता म्हणतेस की केंद्राच्या कामासाठी शेजारच्या देशात जाणार, तिथल्या एका शिक्षिकेच्या घरी तीन महिने राहणार, आणि त्या देशाचं नाव पत्रात लिहायचं नाही. ज्या जागेचं नाव घ्यायला भीती वाटते तिथे आपली मुलगी पाठवायची, हे कुठलं शहाणपण? तुझा बाप म्हणतो, पोर मोठी झाली, आता रडून काय पानी उपसायचंय? असं म्हणतो आणि केळीच्या बागेत तास तास नुसता उभा राहतो.

मला भीती वाटते, सुरुची. तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि अल्पेश दोनचा. तेव्हापासून तू कुणाकडे राहायला गेलीस, अगदी विरारला मैत्रिणीकडे का होईना, मी आधी त्या घरची बाई पाहून आले आहे. घर नाही पाहिलं तरी चालतं, बाई पाहावी लागते. तेव्हा जिच्या घरी तू राहणार तिचं तोंड मला दाखव. त्याशिवाय माझी परवानगी नाही. परवानगी तू मागितलेलीच नाहीस, हे मला ठाऊक आहे.

शेजारच्या ॲंजेलाबाई रोजच्या प्रार्थनेत तुझं नाव घेतात आणि मी महादेवाला सांगून ठेवलं आहे. दोन्हीकडून बंदोबस्त आहे.

कळावे. लोभ आहे, रागही आहे. दोन्ही सांभाळून घे.

तुझी,
शकूआत्या


केंद्राचं वसतिगृह
२७ सप्टेंबर २०२५

ती. शकूआत्यास सा. न. वि. वि.

तुझं दम देणारं पत्र मिळालं. परवानगी मिळाल्याचं समजून मी बॅग भरली आहे.

आता सगळं नीट सांगते. या केंद्रात आफ्रिकेतल्या अकरा देशांतले शिक्षक शिकायला येतात. परत जाऊन शाळेत पोरांना शिकवायचं, पण काही ठिकाणी ‘अधिकार’ हा शब्द फळ्यावर लिहिला तरी तुरुंगात जावं लागतं. मग तो शब्द न लिहिता धडा कसा घ्यायचा, ते इथे शिकतात. मी ज्यांच्याकडे जाणार त्या बाईंनी तीन प्रश्नांचं गाणं केलं आहे. कुणी कुणाला धरून नेत असेल तर विचारायचं: कुठे नेताय? कशासाठी? त्यांच्या घरी कुणाला सांगितलंत? पोरं ते दोरीच्या उड्या मारताना म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेतल्या एका मास्तरांना भर वर्गातून नेलं, ते परत आले नाहीत. त्या दिवशी विचारायचं कुणाला सुचलं नाही.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. तुझ्यासारख्याच कडक आहेत, म्हणून मी त्यांना शकूबाई म्हणते. त्यांना ते आवडलं.

तिथे फोन न्यायचा नाही. दर पंधरा दिवसांनी केंद्राची गाडी पुस्तकं घेऊन जाते, तिच्यातून पत्रं येतील-जातील. मराठी तिथे कुणालाच येत नाही, तेव्हा भाषाच आपलं कडी-कुलूप. केंद्राचा एक नियम मात्र सगळ्यांना पाठ असतो: फोटोत चेहरा नको, फक्त हात. तो नियम मी तुझ्यासाठी मोडते आहे. शकूबाई इथे आल्या होत्या तेव्हा अंगणात काढलेला फोटो सोबत आहे. बघ, समाधान करून घे आणि जाळून टाक. बाबांना नाही, अल्पेशला नाही, ॲंजेलाबाईंनाही दाखवायचा नाही.

तुझ्या आशीर्वादाची गरज आहे, उपदेशाचीही. उपदेश थोडा कमी पाठव.

तुझी,
सुरुची


निर्मळ
दिवाळी पाडवा, २२ ऑक्टोबर २०२५

चि. सुरुचीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोटो मिळाला आणि माझ्या छातीवरचा धोंडा निम्मा उतरला. बाई चांगली आहे. कॅमेऱ्यासाठी हसलेली नाही. तिचा उजवा हात तुझ्या खांद्यावर आहे तो मी चष्मा लावून पाहिला. तर्जनी वरच्या पेरापासून बाहेरच्या बाजूला पार वाकडी झाली आहे. खडू धरून धरून माझं बोट नुसतं दुखतं, तिचं वाकलंच. अशा हाताखाली तू आहेस म्हटल्यावर दिवाळीला अनारसे केले, आणि ते फसले नाहीत.

फोटो जाळला मात्र नाही. जिवंत माणसाचा फोटो जाळायचा नसतो, एवढं तुझ्या केंद्राला कुणी शिकवलेलं दिसत नाही. देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे उलटा ठेवला आहे. तिथे माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

नथूचा खोकला कमी आहे. अल्पेश निवडणुकीच्या नादाने गावभर फिरतो. त्याला अजून कुणी तिकीट विचारलेलं नाही, पण पांढरे शर्ट चार शिवून झाले.

शकूबाईंना या शकूचा नमस्कार. माझी माया तुझ्यावर आहे तशीच आता तिकडेही थोडी वळव.

तुझी,
शकूआत्या


निर्मळ
१७ नोव्हेंबर २०२५

चि. सुरुचीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. आधी ऐक.

परवा आपल्या यात्रेचा पहिला दिवस. मी तळ्याच्या बाजूने देवळात निघाले आणि नाक्यावर थबकले. दहा फुटांचा फ्लेक्स. वर कुठल्यातरी नेत्याचं डोकं, खाली हात जोडून अल्पेश, आणि मधोमध तू आणि शकूबाई, माझ्या देव्हाऱ्यातल्या. ‘निर्मळची वाघीण आफ्रिकेच्या रणांगणात’ असं लिहिलं होतं, आणि खाली त्या देशाचं नाव, इंग्रजीत. जाताना तू ते एकदा फोनवर बोलून गेली होतीस, ते त्याच्या लक्षात होतं. दिवाळीत देव घासायला मीच त्याला बसवलं होतं. तेव्हा फोटो दिसला, त्याने मोबाइलमध्ये घेतला. फ्लेक्स बारा तारखेपासून लागला होता आणि त्याच दिवशी फेसबुकवरही टाकला होता.

खरं सांगते. मी घाबरले, पण त्याच्या आधी क्षणभर अभिमान वाटला. लोक थांबून वाचत होते. मी अल्पेशला उतरव म्हटलं. तो म्हणाला, आत्या, यात्रा संपली की काढतो ना, टेन्शन कशाला घेतेस. आणि मी गप्प बसले. ही माझी चूक आहे, त्याची नव्हे.

काल तिथे एक उंच आफ्रिकन तरुण उभा राहून फ्लेक्सचा फोटो काढत होता. आचोळ्याला राहतो, कपडे पाठवायचा धंदा करतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच सुचलं की माग काढत कुणीतरी इथवर आलं. मी अल्पेशच्या मित्रांना बोट करून दाखवला. पोरांनी त्याला धरलं, मोबाइल हिसकावला आणि यात्रेतल्या चौकीवर नेऊन बसवलं. मी घरी आले, पान वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. कानात तुझं ते गाणं. कुठे नेताय, कशासाठी, घरी कुणाला सांगितलंत. यातलं एक तरी मी विचारलं होतं का? मी तर नेणारी होते.

ॲंजेलाबाईंना घेऊन चौकीवर गेले. त्या आखातात नर्स होत्या, इंग्रजी पाण्यासारखं बोलतात. मी हवालदाराला तेच तीन प्रश्न विचारले. त्याच्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं, त्याने मुलाला सोडलं. तो मुलगा त्याच देशाचा निघाला. त्या बाईला तिकडे त्याच्या घरचं कुणी ओळखतं का ते विचारायला त्याने फोटो काढला होता. त्याच्या भावाला असंच एका फोटोवरून उचललं होतं. माझ्यावर रागावला नाही, एवढंच म्हणाला:

“त्या बाईचा चेहरा आत्ता उतरवा. उद्या उशीर झालेला असेल.”

त्याचं नाव मी लिहीत नाही. इतकं तरी शिकले.

फ्लेक्स मी स्वतः उभं राहून कापायला लावला, फेसबुकवरचं काढलं, आणि ॲंजेलाबाईंनी केंद्राला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, लगेच गाडी पाठवते. पण पाच दिवस तो चेहरा उघड्यावर होता. हे पत्र तुला मिळेल तेव्हा तू कुठे असशील, असशील ना, याचा विचार करवत नाही.

लोभ असावा असं कुठल्या तोंडाने लिहू?

शकूआत्या


केंद्राचं वसतिगृह
२४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. हे वाक्य दोनदा वाच, मग पुढे जा.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण केंद्राकडून सगळं कळलं. फ्लेक्स कसा होता तेही मला माहीत आहे. मी तो पाहिला.

अठरा तारखेला सकाळी दोन माणसं अंगणात आली. चांगले बूट, मऊ आवाज. शकूबाई शाळेत होत्या, मी पेपर तपासत होते. त्यांच्या हातात एक छापील कागद होता. शकूबाईंचा चेहरा, माझा चेहरा आणि हात जोडलेला आपला अल्पेश. त्या मातीत, त्या माणसांच्या हातात देवनागरी अक्षरं. ज्या भाषेला मी कडी-कुलूप म्हणत होते तिचा कागद माझ्यापुढे धरून एक जण म्हणाला, “वाच.”

मी मोठ्याने मराठीत सगळं वाचलं, सावकाश, कारण तेवढ्यात काहीतरी सुचायला हवं होतं. मग अर्थ सांगितला: भावाच्या वाढदिवसाचा बॅनर आहे. आमच्याकडे वाढदिवसाला घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, ओळखीच्या सगळ्यांचे फोटो लावतात, घरमालकिणीचाही लावतात, तिचा मान असतो. देशाचं नाव का? तर बहीण कुठे असते ते गावाला दाखवायला. वरचं मोठं डोकं कोणाचं, विचारलं. म्हटलं, मामा. त्यातला एक हसला. दुसरा हसला नाही. म्हणाला, उद्या वाचता येणारा माणूस घेऊन येतो.

दोन तासांनी केंद्राची गाडी आली. ॲंजेलाबाईंचा फोन एक दिवस उशिरा झाला असता तर ती आली नसती. शकूबाईंनी खडूची पेटी वर्गातल्या मोठ्या मुलीच्या हातात दिली आणि मक्याच्या शेतातून वेगळ्या वाटेने गेल्या. दोघींनी एकत्र जायचं नाही, असं ठरलेलं होतं. मला पुस्तकांच्या खोक्यांमागे झोपवून आणलं. त्यानंतर त्यांचा पत्ता नाही. सीमेवर त्यांची वाट पाहणारा माणूस तीन दिवस थांबून परत आला. शाळेला कुलूप आहे.

तू स्वतःला दोष देत असशील. दे, पण रांगेत तुझा नंबर तिसरा. अल्पेश दुसरा. नियम मी मोडला. केंद्राच्या बाईंना मी ते सांगितलं, तर त्या ओरडल्या नाहीत. मला बाहेरच्या कामावरून काढलं एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला खूप भीती वाटते, आत्या. आता निम्मी नाही, पुरती खरी धर.

तुझी,
सुरुची


निर्मळ
१० डिसेंबर २०२५

चि. सुरुचीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सुखरूप आहेस हे दोनदा नाही, वीसदा वाचलं. नथू ते पत्र खिशात घालून बागेत जातो.

देव्हाऱ्यातला तो फोटो काढून ट्रंकेत टाकला, मग पुन्हा काढला. जाळायला घेतला तर हात पुढे होईना. ती बाई कुठे आहे ते ठाऊक नसताना तिला आगीत कसं घालू? अल्पेश जेवत नाही. गावातले स्वतःचे सगळे बॅनर त्याने उतरवले आणि दोनदा आचोळ्याला जाऊन त्या मुलाची माफी मागून आला. मी रोज दिवा लावते आणि देवालाच विचारते, कुठे नेलंस, कशासाठी, घरी कुणाला सांगितलंस. तोही त्या हवालदारासारखाच गप्प आहे.

काही कळलं तर कळव. वाईट असलं तरी कळव. माया आहेच, ती मागायला लावू नकोस.

तुझी,
शकूआत्या


केंद्राचं वसतिगृह
९ जानेवारी २०२६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सोबत एक फोटो आहे. नियमाप्रमाणे चेहरा नाही, दोन हात आहेत. डावीकडचा माझा. याहून जास्त लिहायची मला परवानगी नाही. या वेळी सांगितलेलं ऐक.

तुझीच,
सुरुची


निर्मळ
२८ जानेवारी २०२६

चि. सुरुचीस पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. एक टेबल, उघडी वही, वहीवर दोन हात. डावीकडच्या हातातली बांगडी मीच घेऊन दिलेली. उजवीकडच्या हाताची तर्जनी वरच्या पेरापासून बाहेरच्या बाजूला पार वाकडी. आणि बोटांना खडू लागलेला.

म्हणजे बाई जिवंत आहे. मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि रडले. नथूने विचारलं, काय झालं गे? म्हटलं, धूर गेला डोळ्यात. गॅसच्या शेगडीला कुठला आलाय धूर, पण त्याने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

कुणाला दाखवला नाही. ॲंजेलाबाईंनाही नाही, आणि ते फार जड गेलं, कारण रोजच्या प्रार्थनेत त्यांनी त्या बाईला न ओळखता धरलं आहे. आज सकाळी मागच्या दारी पाणी तापवायची चूल पेटवली आणि दोन्ही फोटो घातले, जुना आणि नवा. जिवंत माणसाचा फोटो जाळायचा नसतो, असं मला माझ्या आईने शिकवलं होतं. तिच्या काळी फोटो माणसाला मारू शकत नव्हता. चेहरा लवकर गेला. हाताचा फोटो वळत वळत जळला, ते वाकडं बोट सगळ्यात शेवटी. राख पाण्यात कालवून सोनचाफ्याच्या मुळाशी ओतली.

भीती गेलेली नाही. त्या माणसांच्या हातातला कागद मला जाळता येत नाही. तू तिकडून येईपर्यंत मी अशीच दचकत राहणार, हे गृहीत धर.

माझी माया तिथे दोघींनी वाटून घ्या. शकूबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, निर्मळमध्ये आता तुम्हाला कुणी ओळखत नाही.

तुझी,
शकूआत्या