दिवाळसणाचे बूट

कुलू, सरकारी इस्पितळ
२ जून १९८९

ती. सौ. कुंदाताईस,
हरीचा नमस्कार.

ताई, हे पत्र मी आठवडाभर टाळतोय. आधी पेन नव्हतं. मग कंपाउंडरने पेन दिलं तर पाकीट नव्हतं. पाकीट आणायला गेलो तर पोस्टासमोर एक म्हातारा माकडाला स्वेटर घालून बसला होता, त्याच्याशी गप्पा मारत बसलो. तुला माझं ठाऊकच आहे. पण खरं सांगायचं तर पेनही होतं आणि पाकीटही.

तुझी तब्येत कशी आहे? सातव्या महिन्यात माहेरी आलीयेस तर आराम कर. बदलापूरची हवा खा, आप्पांशी वाद घालू नकोस. भावोजींच्या शाळेतल्या मालिनीबाई सहलीचा वर्ग घेऊन अंबरनाथला पोचल्या असतील. सरांना जरा ताप आहे, उतरला की येतील, असं त्यांनी तुला सांगितलं असेल. ते भावोजींनीच त्यांना सांगायला लावलंय. तुला काही कळवू नको म्हणून मलाही बजावलंय.

आधी सहलीचं लिहितो. भावोजी मला आचाऱ्याच्या हाताखाली घेऊन निघाले तेव्हा आप्पा म्हणाले होते, आठवतं? "जावईबापू, वर्ग सांभाळाल की ह्याला?" भावोजी हसून म्हणाले, "दोन्ही." मला म्हणाले, "विठ्ठलवाडी डेपोत नुसता बसून असतोस, त्यापेक्षा चल, हिमालय तरी बघ."

बघितला. पोरांनी बर्फ पाहिला आणि पहिल्यांदा काय आठवलं असेल तर आपल्याकडच्या कॅम्प पाच बाजारातला गोळेवाला. "सर, कालाखट्टाची बाटली आणायला पाहिजे होती!" एकाने जेवणाचा डबा बर्फाने गच्च भरला, घरी न्यायचा म्हणून. भावोजींनी बसमध्येच सगळ्यांना मोज्यांवरून दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवायला लावल्या, मग बूट. पाय कोरडे राहतात त्याने. काय एकेक कल्पना असतात त्यांच्या.

तू माझ्या बुटांचं विचारशील. तू कॅम्प पाचमधून घेऊन दिलेस ते कॅनव्हासचे. ते मी दिल्ली स्टेशनवर एका पोराला दिले आणि त्याचा काळा गॉगल घेतला. तेव्हा गॉगल एकदम भारी वाटला होता गं.

म्हणजे बर्फापाशी उतरलो तेव्हा माझ्या पायात स्लिपर. भावोजींनी खाली बघितलं. रागावले नाहीत. स्वतःचे बूट काढून माझ्यापुढे ठेवले. "घाल. मी बसपाशीच थांबतो. मला कुठं चढायचंय?" आणि मोज्यांवर माझी स्लिपर अडकवली.

मी बूट घातले. नको म्हणालो नाही.

वर गेल्यावर मला टेकाडाच्या पलीकडे एक लांब उतार दिसला. पोत्यावर बसून घसरायला अशी जागा! पाच पोरं घेऊन गेलो, कुणाला न सांगता. इकडे मोजणीत पोरं कमी. भावोजी स्लिपरवर, पिंढरीभर बर्फातून, शिट्टी फुंकत आम्हाला शोधत आले. एक स्लिपर कुठंतरी बर्फातच राहिली होती. एवढंच म्हणाले, "हरी, निदान सांगून तरी जावं रे माणसाने."

बसमध्ये त्यांचे पाय पांढरेफटक पडले होते. म्हणाले, "काही कळतच नाहीये खाली." खाली उतरताना एका गावात गरम पाण्याचे झरे आहेत. मीच म्हणालो, "भावोजी, आपल्या वज्रेश्वरीसारखं कुंड असेल, पाय शेकून घ्या." मी पुढे पळत गेलो. दगडी पायऱ्या, वाफ, सगळं अगदी वज्रेश्वरीसारखंच. आपल्याकडे पायऱ्या असल्या की ते कुंड अंघोळीचंच.

आई आपल्याला तिथं न्यायची तेव्हा काय करायची सांग. आधी तांब्याभर पाणी स्वतःच्या पायावर घ्यायची, मगच आपल्याला उतरू द्यायची. दर वेळी.

भावोजींनी विचारलं, "पाणी बघितलंस?"

मी म्हणालो, "बघितलं."

बघितलं नव्हतं, ताई. हातसुद्धा लावला नव्हता. पलीकडच्या कडेला एक बाई पाण्यात सोडलेली दोरी वर ओढत होती, मला वाटलं मासा आहे की काय, म्हणून मी तिच्याकडे धावलो होतो. भावोजी मागे पोरांना म्हणत होते, "थांबा, आधी मी उतरतो." बाईच्या दोरीला फडक्याची पुरचुंडी होती. तिने गाठ सोडली. आत भात. मोकळा, शिजलेला. "पक गया," म्हणाली.

मी वळलो तर भावोजी घोट्यापर्यंत पाण्यात उभे. ते ओरडलेदेखील नाहीत. पाय बधिर होते ना. पोरांकडे बघून हसत होते.

मीच ओढून काढलं. पुढचं लिहीत नाही. दोन्ही पाय भाजलेत. डावा बरा होईल म्हणतात. उजव्याची दोन बोटं राहतात की काढावी लागतात, ते सोमवारी पट्टी सोडल्यावर कळेल. सगळ्यांना ते एकच सांगतात, "माझाच वेडेपणा." डॉक्टरांना तेच, मालिनीबाईंना तेच. मी बाजूला उभा राहून ऐकतो आणि त्यांना चहा आणून देतो. तू मला काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणूनच आठवडा लागला.

इथवर लिहिलं आणि दारात कोण उभं असावं? आप्पा! धोतर, कानटोपी, हातात तुझी निळी पिशवी. जिल्ह्याबाहेर कधी न गेलेला माणूस एकटा इथवर आला. मालिनीबाईंना खोटं पचलं नाही, त्यांनी आप्पांना गाठून सांगितलं. तुला काही बोलले नाहीत, वाड्याला आत्याकडे जातो म्हणून निघाले.

आप्पांनी आधी भावोजींच्या पायांवरच्या पट्ट्या बघितल्या. भावोजी नेहमीचं म्हणाले, "आप्पा, माझाच वेडेपणा." मग आप्पांनी खाली माझ्या पायांकडे बघितलं. भावोजींचे बूट अजून माझ्याच पायात, आणि ते त्यांनीच घेतले होते ना, दिवाळसणाला, जावयाला. पाण्याची कळशी उचलून नळावर गेलेत.

भावोजी खुणावतायत, गप्प राहा. नळ बंद झाला. ताई, ते येतायत, मी उठतो. आधी बूट काढतो, मग सांगतो.

तुझा,
अनवाणी
हरी