माधवसाठी थांबणं

यवतमाळ, मार्गशीर्ष १९६४, दिवेलागणीची वेळ

धाकटा मुलगा वसंता आज घरी आला. पोरवयातल्या स्पर्धांपासून सुरू झालेलं त्याचं गोल्फ आता पहिल्या रांगेच्या धंदेवाईक खेळाडूंत पोचलं आहे. विलायतेच्या मोठ्या स्पर्धांचं बोलावणं आलं आहे, आणि हा म्हणतो, जात नाही.

कारण सांगितलं, ते डोक्यातून निघत नाही. आमच्या इथल्या मैदानावर भोकाभोवती गवत नाही, तेल घातलेली वाळू आहे. चेंडू ढकलण्याआधी गोणपाट ओढून त्याची वाट सारखी करतात. ते काम थोरला माधव करायचा. तेवढा वेळ वसंता मागे सरून थांबायचा. माधव टायफॉइडनं गेला.

"बाबा, कलकत्त्याले सारं गवतच हाये, गोणपाट लागतच नाही. तरी मी मागं सरून थांबतो. लोकं हासतात."

"कायले थांबतं?"

"तुमाले माहीत हाये."

आतून त्याची आई म्हणाली, "एवढा मोठा खेळाडू झाला अन् गवताले भेते." तिला बाकीचं ऐकू गेलं नव्हतं. बरंच झालं.

हे थांबणं त्याला हरवेल. तिकडे कुणीतरी ही सवय मोडेल, आणि मोडायलाच हवी. पण मग माधवसाठी थांबणारं कोण उरेल? घरात तर आम्ही त्याचं नावही घेत नाही. एका मुलाची आठवण दुसऱ्याच्या हातांवर ठेवायची, हे बापाला शोभतं का?

शेवटी "जाय" म्हणालो. थांबू नको, हे मात्र सांगवलं नाही.