खिळ्याला टांगलेली बेल

प्रिय चिमणे,

या वृद्धाश्रमाची तू प्रमुख झालीस, तरी माझ्यासाठी तू चिमणीच. माझ्या हाताखाली नर्सिंग शिकायला आलीस तेव्हा सलाईनच्या स्टँडला तुझा हात पुरत नव्हता. म्हणून तर ताईला, माझ्या सख्ख्या बहिणीला, डोळे मिटून तुझ्या हवाली केलं. ते डोळे आज उघडले.

दर रविवारी मी फोन करून येते. तेव्हा ताईची वेणी घातलेली, चादर कोरी, पाण्याचा तांब्या भरलेला. आज न कळवता आले. ताईचे ओठ सुकलेले, चादर ओली, आणि उशाशी असायला हवी ती बेल भिंतीवरच्या उंच खिळ्याला वायर गुंडाळून टांगलेली! अर्धं अंग लुळं पडलेल्या बाईने तिथे हात कसा पोचवायचा? तुझी आया म्हणते, आजी उगाच वाजवतात, आणि पाणी दिलं की चादर बदलावी लागते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तहान उगाच लागते का गं? ताईला विचारलं, रविवारी बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तू गेल्यावर मला इथेच राहायचंय ना."

तुझ्या खोलीत आले तर तू चहा मागवलास. म्हणे माणसं कमी आहेत, सिस्टर. कमी आहेत तर भांडून मागून घे! बेल टांगून माणसं वाढतात का? एवढं सुनावून मी तरातरा निघाले, आणि फाटकापाशी पाय अडखळले.

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. ही युक्ती तुला दाखवली कुणी? मीच. वॉर्डातले ते म्हातारे मास्तर आठव. सारखी बेल वाजवायचे. एका दुपारी वैतागून मी त्यांची बेल खिडकीच्या गजाला बांधली आणि तुला म्हणाले, आता बसतील गप्प. संध्याकाळी पाण्यासाठी ते स्वतःच उठले, पडले आणि मांडीचं हाड मोडून बसले. रिपोर्टात मी लिहिलं, 'न सांगता उठले.' खाली तुझीही सही घेतली. तू एकोणीस वर्षांची पोर होतीस. मी नव्हते.

हे मगाशी तोंडाने बोलवलं नाही, म्हणून लिहितेय. उद्या सकाळी मी तक्रार देणार आहे. पहिल्या पानावर मास्तर आहेत, माझ्या नावासकट. दुसऱ्यावर ताई. दोन्हींवर तुझी सही हवी. नाही केलीस तरी कागद जाणारच. फाटकातून परत फिरून मी ताईच्या खाटेपाशी बसले आहे आणि बेल तिच्या मुठीत दिली आहे. पाणी, चादर सगळं मी केलं, तरी आत्ता तिने ती वाजवली. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, कुणी येतं का ते बघतेय. त्याला दहा मिनिटं झाली. चिमणे, अजून कुणी आलेलं नाही. निदान तू तरी ये.

तुझीच, आणि तुझ्याइतकीच दोषी,
मोठ्या सिस्टर